बोरन्हाण ते कूलर : कडेवर बाळ घेऊन रामोजी फिल्म सिटीला कधी जावं

दोन वर्षांच्या आतलं लेकरू सोबत असेल, तर विदर्भातून हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीला जायला वर्षातले पाच-सहा आठवडेच खरे कामाचे. संक्रांतीचं बोरन्हाण आटोपलं की आठवडाभराने निघावं, आणि माळ्यावरचा कूलर खाली उतरायच्या आत परतावं. तारखांत सांगायचं तर २० जानेवारीपासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत. हे दिवस हुकले तर दुसरी संधी दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर डिसेंबरच्या मध्यापर्यंत. बाकीचे महिने मोठ्यांनी खुशाल जावं, तान्ह्याला नेऊ नये.

हंगामाचं एवढं महत्त्व का, हे जागेची रचना पाहिली की कळतं. १९९६ मध्ये सुरू झालेली ही चित्रनगरी सुमारे १,६६६ एकरांवर पसरलेली आहे आणि जगातलं सर्वांत मोठं चित्रपट-संकुल म्हणून गिनेस बुकात तिची नोंद आहे. एवढा पसारा पायी पाहणं शक्यच नाही. गाडी बाहेर लावायची, तिकीट घ्यायचं, तिथून बसने आत ‘युरेका’ या मुख्य चौकापर्यंत जायचं आणि पुढे तिथल्या लाल बसमध्ये बसून सेट पाहायचे. ही लाल बस दोन्ही बाजूंनी उघडी असते. वर छप्पर असतं, पण बाजूंनी ऊन, वारा आणि पाणी सरळ आत येतं. बस एका ठिकाणी सोडते, तिथे फिरून झालं की पुन्हा रांगेत उभं राहून दुसरी बस पकडायची. दिवसभरात अशी चढ-उतर कितीतरी वेळा होते. म्हणजे बाळाचा निम्मा दिवस उघड्या हवेत जातो. एसी हॉटेल, एसी गाडी असं सगळं घेतलं तरी हा निम्मा दिवस चुकत नाही. हंगाम बघायचा तो याच्यासाठी.

आधी उन्हाळ्याचं, कारण आपल्याकडची बहुतेक कुटुंबं तेव्हाच जातात. शाळा बंद, शेतात काम नाही, लग्नं उरकलेली. चंद्रपूर-नागपूरचे ४५ अंश अंगावर घेणारा माणूस हैदराबादचे ४० ऐकून निर्धास्त होतो. हिशोब चुकतो तो इथे. घरी एप्रिल-मे महिन्यात सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बाळ कूलरच्या गारव्यात असतं, अंगणातही कोणी नेत नाही. फिल्म सिटीत नेमके तेच तास उघड्या बसमध्ये आणि रांगेत जातात. खिशातला कांदा इथे कामाचा नाही. वजनाच्या मानाने बाळाच्या कातडीचा पसारा मोठा, घाम येऊन अंग थंड होण्याची क्रिया अजून कच्ची, आणि तहान लागली हे त्याला सांगता येत नाही. मोठ्या माणसाला नुसता थकवा वाटतो तेवढ्या वेळात लेकराचं अंग तापायला लागतं.

त्यात माणसं प्रेमापोटीच दोन चुका करतात. पहिली, ऊन लागू नये म्हणून बाबागाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकून ती चहूबाजूंनी झाकणं. आत हवा खेळत नाही आणि झाकलेल्या गाडीतला उकाडा बाहेरच्या सावलीपेक्षा जास्त होतो. गाडीचं स्वतःचं छत पुढे ओढावं, बाजू उघड्या ठेवाव्यात, हात आत घालून अधूनमधून पाहावं. पट्ट्याचं लोखंडी बक्कल उन्हात इतकं तापतं की उघड्या मांडीला चटका बसतो, म्हणून बाळाला बसवण्याआधी त्याला आपलं बोट लावून बघावं. दुसरी चूक, आपल्यासारखाच बाळाच्या तोंडाला दुपट्टा गुंडाळणं. नाक-तोंड मोकळंच हवं. डोक्याला पातळ सुती टोपी पुरे.

ऊन लागल्याची खूण बाळाच्या रडण्यात शोधू नये. खरं ऊन लागलेलं लेकरू शांत होतं, मान टाकतं, दूध ओढत नाही. टाळूवर हलका हात फिरवून पाहावा. ती खोल गेली असेल किंवा सहा तासांत लंगोट ओला झाला नसेल, तर फिरणं तिथेच थांबवावं. सावलीत न्यावं, कपडे सैल करावे, ओल्या फडक्याने अंग पुसावं आणि डॉक्टर गाठावा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नाही, आईचं दूधच नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजायचं. मोठ्या बाळासाठी ओआरएसची एक लिटरची पूर्ण पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच टाकायची. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकली की मिठाचं प्रमाण बिघडतं. केलेलं पाणी २४ तासांनंतर फेकायचं.

एवढं सगळं सांभाळून उन्हाळ्यात जाऊन येता येतं, पण दिवस बाळाला सांभाळण्यात जातो आणि पाहणं राहून जातं. शिवाय तेलंगणातल्या शाळांना एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सुट्टी असते, म्हणजे रांगा सर्वांत लांब आणि उन्हं सर्वांत कडक, दोन्ही एकाच वेळी. विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून जूनचा दुसरा पंधरवडा आपल्याला मोकळा वाटतो. तेव्हा गर्दी थोडी ओसरते हे खरं, पण पहिल्या पावसाच्या दमट उकाड्याने लेकराच्या मानेला आणि जांघेत घामोळं येतं.

पावसाळ्याबद्दल मत थोडं वेगळं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये फिल्म सिटी सुंदर दिसते, बागा हिरव्यागार, मधल्या वारी गर्दी बेताची. मूल चार वर्षांचं असतं तर हा हंगाम आम्ही वरच्या क्रमांकावर ठेवला असता. तान्ह्याच्या बाबतीत मात्र अडतं ते ओलाव्यावर. उघड्या बसमध्ये तिरप्या पावसाचं पाणी थेट मांडीवर येतं, ओली बाबागाडी वाळत नाही, सर्दी-जुलाबाचे दिवस असतात, डासही वाढलेले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डास पळवणारं मलम लावायचं नाही, त्याला मच्छरदाणीच हवी, आणि ती घेऊन दिवसभर फिरता येत नाही. रस्त्याचंही खरं नसतं. वर्धा नदी फुगली की राजुरा-बल्लारपूर रस्ता बंद पडतो, आणि स्टेशनवर निघालेलं कुटुंब अलीकडच्या काठावर अडकतं. घरी निंदण-डवरणी सुरू असते ते वेगळंच. तान्हा पोळा होईपर्यंत कोणाचे हात रिकामे नसतात.

ऑक्टोबर सोडून द्यावा. दसऱ्याला तेलंगणात बतुकम्मा या फुलांच्या सणाची मोठी सुट्टी असते, परतीचा पाऊस नेम धरून येतो, आणि आपल्याकडे सोयाबीन सोंगणीला आलेलं असतं.

दिवाळीनंतरचा काळ मात्र खरोखर चांगला. नोव्हेंबरच्या मध्यापासून दुपारचं तापमान तिशीच्या आत येतं, जमिनीत ओल असते, झाडं धुतलेली, आणि फुलपाखरांच्या बागेत पाहण्यासारखं असतं. सात-आठ महिन्यांचं बाळ नजर फिरवत, हात नाचवत बघतं ते तिथे आणि पक्ष्यांच्या बागेत. बाहुबलीच्या सेटचं त्याला काही नाही. फक्त कार्तिकातले रविवार टाळा. हैदराबादकडे कार्तिकात वनभोजनाची रीत आहे, अख्खी वस्ती डबे घेऊन शहराबाहेर पडते. आपल्या बाजूने अडचण कापसाची. वेचणी ऐन भरात असते, मजूर मिळत नाही, आणि आई-आजी दोघींना तीन दिवस घराबाहेर काढणं अवघड जातं. ज्यांच्या घरी शेतीचा हा ताण नाही, त्यांनी नोव्हेंबरचा शेवटचा किंवा डिसेंबरचा पहिला आठवडा बेलाशक धरावा.

२० डिसेंबर ते ५ जानेवारी नको. नाताळ-नववर्षाच्या दिवसांत तिथे खास उत्सव असतो, रोषणाई, मिरवणूक, रात्रीपर्यंत गाणी-बजावणी. मोठ्यांना ते आवडतं. बाळाचं झोपायचं गणित मात्र सातलाच मोडतं, गार वारा सुटलेला असतो आणि ध्वनिक्षेपकांचा आवाज छातीत जाणवतो. त्यात शाळांच्या सहली असतात. सकाळी दहा-साडेदहाला पन्नास-पन्नास मुलांचे जत्थे उतरले की लाल बसची रांग दुप्पट होते.

संक्रांतीच्या आगे-मागेचा आठवडा टाळायचं कारण वेगळं आहे आणि ते आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं. फिल्म सिटी हैदराबाद-विजयवाडा महामार्गावर आहे. संक्रांत हा आंध्राचा सर्वांत मोठा सण; हैदराबादेत कामाला असलेली लाखो माणसं याच एका रस्त्याने गावी जातात. साधारण ९ ते १३ जानेवारी शहराबाहेर पडणाऱ्या गाड्यांची आणि १६ ते १८ परतणाऱ्यांची रांग लागते. पंतंगीच्या टोलनाक्यावरची गर्दी दरवर्षी बातम्यांत असते. त्या रांगेत भुकेलं बाळ घेऊन अडकणं नको. तिकडची गर्दी ओसरू द्या, इकडे बोरन्हाण, हळदीकुंकू निवांत होऊ द्या.

आणि मग निघा. जानेवारीच्या शेवटी हैदराबादला दुपारी २९-३० अंश आणि पहाटे १५-१६ च्या आसपास असतं. शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर पहाट आणखी थोडी गार. हवा कोरडी, घाम नाही, पाऊस जवळजवळ नाहीच. शाळांच्या सहली आटोपलेल्या असतात आणि फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या परीक्षा लागल्या की मोठ्या मुलांची कुटुंबं घरीच असतात. आपल्याकडे कापसाचे पैसे बऱ्यापैकी हातात आलेले, तुरीचा खळा उरकलेला किंवा उरकत आलेला, आणि गहू-हरभऱ्याच्या कापणीला अवकाश. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात अवकाळीची, कधी गारपिटीचीही धास्ती असते, म्हणून पहिला पंधरवडा अधिक पक्का. महाशिवरात्र उलटली की दुपारची उन्हं बोचायला लागतात. शेजारी एखाद्याने कूलरला नवी खस लावलेली दिसली, की यंदाचा बेत पुढच्या वर्षावर टाकावा.

या दिवसांत एकच मोठी आडकाठी, तेलंगणातल्या मेडारामची सम्मक्का-सारलम्मा जत्रा. ती दर दोन वर्षांनी माघ पौर्णिमेच्या सुमारास भरते. २०२४ मध्ये २१ ते २४ फेब्रुवारी आणि २०२६ मध्ये २८ ते ३१ जानेवारीला होती. गडचिरोली-चंद्रपूरचे हजारो भाविक जातात, बल्लारशाह ते काजीपेठ गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, आणि तेलंगणाच्या एसटी बस मोठ्या संख्येने तिकडे वळवलेल्या असतात. जत्रेचं वर्ष असेल तर आठवडाभर पुढे-मागे व्हावं.

प्रवासात पूर्व विदर्भाला आता मोठी सोय झाली आहे. १६ सप्टेंबर २०२४ ला सुरू झालेली नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत पहाटे ५ ला नागपूर सोडते, सातच्या सुमारास चंद्रपूर-बल्लारशाहला येते आणि दुपारी सव्वाबाराच्या आसपास सिकंदराबादला पोहोचते. रोज नसते, आठवड्यात एक दिवस बंद, ते पाहूनच तारीख धरावी. काटोल-उमरेडकडच्या गावातून पाचची गाडी गाठायला रात्री तीनला निघावं लागतं; जानेवारीतल्या आठ-दहा अंशांत बाळाला मोटारसायकलवर नेणं हे या सबंध सहलीतलं सर्वांत धोक्याचं काम. आदल्या रात्री नागपुरात नातेवाइकांकडे मुक्काम करावा. वणी-मारेगावकरांनी घुग्घुसमार्गे चंद्रपूर गाठावं, तिथे गाडी उजाडताना मिळते. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नको असेल तर तिकीट लागत नाही, पण ही बसायची गाडी आहे, झोपायला बाक नाही. बाळ चंद्रपूरहून पाच-साडेपाच तास, नागपूरहून सात तासांच्या वर मांडीवरच असणार. निजून जायचं तर रात्रीची दक्षिण एक्सप्रेस पाहावी. वाशीम-अकोल्याकडच्यांना नरखेड-काचीगुडा इंटरसिटी आहे.

स्वतःच्या गाडीने जायचं तर पांढरकवडा, आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी, मेडचल असा सरळ राष्ट्रीय महामार्ग ४४. निर्मलच्या अलीकडे घाट आहे. दूध पाजून लगेच घाटात शिरलं की बाळ उलटी करतं, म्हणून पाजणं घाट उतरल्यावर. मेडचलहून शहरात शिरू नये. बाहेरचा वळसा रस्ता (आउटर रिंग रोड) पकडून पेद्दा अंबरपेटला उतरावं, तिथून फिल्म सिटी हाकेच्या अंतरावर. दर दोन तासांनी गाडी थांबवून बाळाला सीटवरून उचलून आडवं करायचं.

पोहोचल्या दिवशी आत जायची घाई नको. त्याच परिसरात तारा, सितारा, शांतिनिकेतन अशी वेगवेगळ्या दरांची हॉटेलं आहेत. तिथे नको असेल तर एल. बी. नगरला मुक्काम करावा. मेट्रो तिथवर येते आणि पुढे वीसेक किलोमीटर राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दारात हजर. पहिला फेरा उघड्या सेटचा, साडेअकराच्या आत. जेवण बारालाच उरकावं, कारण एक ते अडीच उपाहारगृहांत खुर्ची मिळत नाही आणि बाळाला पाजायला निवांत कोपरा तर नाहीच. दुपारी मोठ्यांनी आळीपाळीने बंदिस्त खेळ पाहावेत, एकाने बाळाजवळ थांबावं. वाइल्ड वेस्टच्या स्टंटमध्ये गोळीबार आणि स्फोटांचे आवाज आहेत, तिथे तान्ह्याला अजिबात नेऊ नये. बोरासुरा या भीती घालणाऱ्या अंधाऱ्या दालनातही नाही. थोरलं भावंड असेल तर त्याला फंडुस्तान या मुलांच्या खेळाच्या जागेत सोडावं. पक्ष्यांची बाग साडेतीननंतर. पावणेपाचला परतीची बस धरावी. साडेपाचला सगळे एकदम निघतात तेव्हा आजीचे टोंगळे दुखत असतात आणि बाळ झोपेला आलेलं असतं.

बाबागाडी छत्रीसारखी मिटणारी, हलकीच घ्यावी, कारण प्रत्येक बसला ती मिटवावी लागते. दोन मोठी माणसं असतील तर ती घरीच ठेवून छातीशी बांधायची झोळी न्यावी. फक्त त्यात दोन अंगांची ऊब एकत्र येते, म्हणून दर वीस-पंचवीस मिनिटांनी बाळाला बाहेर काढून पाठ कोरडी आहे का ते बघावं. सकाळच्या बसला टोपरं आणि एक जादा झबलं, अकरानंतर ते काढून टाकायचं. दिवसाला पाच डायपर धरा, वर दोन. बाहेरचं खाणं आत चालत नाही. बाळाचं जेवण वेगळ्या पिशवीत ठेवून तपासणीच्या जागी आधीच सांगावं. भाजलेल्या पोह्यांची पूड आणि थर्मासमध्ये उकळतं पाणी एवढ्यावर दोन वेळचं भागतं. पावडरचं दूध करून ठेवू नये, लागेल तेव्हाच करावं, दोन तासांनंतर उरलेलं टाकावं. तिथे मिळणाऱ्यात बाळाला चालेल अशी इडली. दहीभात मागितला तर फोडणीतली मिरची वेचून काढावी लागते.

वयाचं म्हणाल तर सहा ते नऊ महिन्यांचं बाळ नेणं सर्वांत सोपं. ते कडेवर राहतं, जमिनीसाठी हट्ट धरत नाही, आणि आईच्या दुधावर अर्धं भागतं. दहा महिने ते दीड वर्ष हा सर्वांत अवघड काळ, त्याला खाली सोडल्याशिवाय चैन नसतं आणि रांगेत खाली सोडता येत नाही. चार महिन्यांच्या आतलं असेल तर जाऊच नये. लसीकरणाचं कार्ड पाहूनच तारीख ठरवावी. सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या आणि नवव्या महिन्याच्या लशीनंतर ताप येऊ शकतो, म्हणून लस आणि प्रवास यांत निदान आठवडाभर ठेवावा.

बुलढाणा-अकोल्याकडची काही मंडळी खोपोलीच्या इमॅजिकाचा विचार करतात. २०१३ मध्ये सुरू झालेलं ते उद्यान मोठ्या फिरत्या पाळण्यांचं (राइड्सचं) आहे, आणि त्यांना उंचीची अट असते, त्यामुळे तान्ह्याच्या पदरी फार थोडं पडतं. हंगाम तिथेही डिसेंबर ते फेब्रुवारीच. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस जून ते सप्टेंबर कोसळत असतो. नागपूरजवळची वॉटर पार्क उन्हाळ्यात भरतात, पण वर्षाच्या आतल्या बाळाला त्या सामाईक, क्लोरीनच्या पाण्यात उतरवू नये.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जायचं तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, वेचणीच्या गडबडीतच, तिकीट काढून ठेवावं लागेल.